जनरलचं मनगट

२१ डिसेंबर १९९७, रविवार

आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सूनबाई रंजना लिहिणार. अक्षराची आणि माझी कधी गाठ पडली नाही. आता अडुसष्टाव्या वर्षी मी त्याच्या मागे लागत नाही. मी अहिराणीत बोलते, ती शाळेतल्या मराठीत लिहिते, अर्धं तिखट तिथेच जातं. ही वही कोणी वाचायची नाही. मी तर वाचणारच नाही, म्हणजे निम्मा बंदोबस्त झाला.

विजयाताई म्हणाल्या, सरलाबाई, लढणाऱ्या माणसाने रोजचं टिपून ठेवावं, उद्या कोर्टात कामाला येतं. विजयाताई म्हणजे मराठी शाळेतल्या रिटायर बाई. त्यांनी युद्धाविरुद्ध समिती काढली आहे. मेंबर सात, मी आठवी.

कामाचं असं, की तो येतोय. जनरल. पेपरात आलं आहे. पाच वर्षांपूर्वी त्याच्या देशात आपापसात लढाई पेटली, तेव्हा तोफा याच्या हुकमाने चालायच्या. आता मंत्री झालाय आणि सुरतेला कापड बघायला येतोय. देशाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. बसवायचंही नाही.

माझा हेमराज तेव्हा तिथल्या गिरणीत फिटर होता. कामगारांच्या वसाहतीवर गोळे पडले. अकरा माणसं गेली. हेमराज परत आला, कान तिथेच राहिले. इथला डॉक्टर म्हणतो, लूमच्या खडखडाटाने गेले असतील, सुरतेत सगळ्यांचेच जातात. त्या देशाकडून पत्र आलं, की तिथे कामगारांची वसाहत नव्हतीच. म्हणजे माझा मुलगा नसलेल्या घरात झोपला होता आणि न पडलेल्या गोळ्याने बहिरा झाला.

मला जनरलच्या तोंडून एकच वाक्य पाहिजे: हो, वसाहत होती.

निश्चय: त्याला अटक करणार. मी स्वतः.

२३ डिसेंबर

समितीची मीटिंग. विजयाताईंनी कायदा समजावला. कलम त्रेचाळीस. पोलीस नसला तरी साध्या माणसाला अटक करता येते. अंगाला हात लावायचा, तोंडाने सांगायचं, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. एवढंच? आमच्या मालकांना मी वीस वर्षं याच कलमाखाली गुत्त्यावरून घरी आणलं. फक्त नंबर माहीत नव्हता.

भगवानने फाटा फोडला. हा समितीचा खजिनदार, चष्म्यावरून बघतो. म्हणाला, गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत झाला पाहिजे असं कलमात आहे. विजयाताई म्हणाल्या, आपली अटक प्रतीकात्मक. मी विचारलं, ती कशी असते? म्हणाल्या, गेटवर बोर्ड धरून उभं राहायचं, अटक जाहीर करायची, फोटो निघतो, मग पोलीस आपल्याला उचलतात.

म्हणजे अटक आपल्यालाच?

म्हणाल्या, हो, साधारण तसंच होतं.

मी सांगून टाकलं, तुम्ही प्रतीक करा, मी मनगट धरते.

घरी रंजना म्हणाली, आत्याबाई, यांची नोकरी छगनशेठच्या मिलमध्ये, आणि तो पाहुणाही छगनशेठचाच, जरा विचार करा. मी म्हटलं, लिहिणाऱ्याने मध्ये बोलू नये. तिने हेही लिहिलं. वाचता येत नसलं तरी मला दिसतं, इथे अक्षर जाड काढलंय.

२६ डिसेंबर

प्रॅक्टिस. भगवान जनरल झाला. इंग्रजी वाक्य असं आहे: यू आर अंडर अरेस्ट. विजयाताईंनी चाळीस वेळा म्हणवून घेतलं. मला पूर्ण येतं, फक्त मधले शब्द आपापली जागा सोडतात. शेवटी ठरवलं, अहिराणीतच सांगायचं. मी तुले अटक करी राहिनी. हात घट्ट असला की भाषा कोण विचारतो?

मनगट धरलं तर भगवान ओरडला. घड्याळाचा पट्टा तुटला. हाडं अजून पक्की आहेत. खाली बसले होते तिथून उठायला दोन माणसं लागली, पण ती चटई घसरत होती.

२९ डिसेंबर

काम झालं! देवाने दार उघडलं, तेही मिलचं.

छगनशेठने हेमराजला कागदावर लिहून विचारलं, तुझी आई पाहुण्यांसाठी मांडे करेल का? आठ वर्षांपूर्वी हेमराजच्या लग्नात शेठने आमच्याकडचे पुरणाचे मांडे खाल्ले होते, ते अजून विसरला नाही. त्याचं म्हणणं, परदेशी माणसाला पोळी खायची नसते, बघायची असते. बाई दोन्ही हातांवर झुलवून झुलवून घोंगडीएवढा मांडा करते आणि उपड्या खापरावर टाकते, हे बघून साहेब खूश होईल.

म्हणजे समितीच्या सात जणांना कडोदऱ्याच्या मिलच्या गेटमधून पाय आत टाकता येणार नाही, आणि मला शेठची गाडी घ्यायला येणार. खापरासकट.

विजयाताईंनी मला मिठीच मारली. प्लॅन पक्का: मी आत धरायचं, ते सगळे तक्रारीचे कागद आणि फोटोवाला घेऊन गेटवर थांबणार. मात्र त्यांनी बजावलं, तो जेवायला बसण्याआधी धरा. मी म्हटलं, ताई, मी त्याला खाऊ घालायला जात नाहीये.

रंजना म्हणाली, मी यात नाही. म्हटलं, बरं, शेजारच्या कुसुमला नेते मदतीला. रंजना म्हणाली, कुसुमचे मांडे फाटतात.

रंजना येणार आहे.

१ जानेवारी १९९८

नवीन वर्ष, नवीन शिस्त. राग साठवायचा. चिल्लर खर्च करायचा नाही. सकाळी दूधवाल्यावर थोडा गेला.

हेमराजला आज सगळा प्लॅन खुणांनी सांगितला. मनगट, मिशी, तोफ, गाडी. तो बघत राहिला, मान हलवली, डबा उचलला. त्याला पसंत आहे. रंजना म्हणते, ती मान पसंतीची नव्हती. नवरा तिचा असेल, मान मी घडवली आहे.

दारातून मात्र तो परत आला. त्याला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे सगळं ओरडून बोलतो. म्हणाला, माय, त्याले इतलंच इचार, वसाहत व्हती का नही. पाच वर्षांत या विषयावर तो पहिल्यांदा बोलला. मी मान हलवली. ही पसंतीची होती.

आता गुप्तता काही राहिली नाही. आमच्या लिंबायत वस्तीच्या नळावर बायका विचारतात, सरलाबाई, जनरल कोणत्या खोलीत ठेवणार?

म्हटलं, तुमच्या. माझ्याकडे पंखा नाही.

४ जानेवारी

घरी तालीम. बारा मांडे झाले. नळावरच्याच बायकांनी खाल्ले आणि वर सांगितलं, पुरणात वेलदोडा कमी आहे. अटकेला वेलदोडा लागत नाही, मी म्हटलं. रंजनाने तरी वाढवला.

६ जानेवारी

उद्या.

हेमराजला शेठने दोन दिवस बारडोलीच्या गोदामावर पाठवलं. आमचं काही शेठच्या कानावर गेलं की काय, असं रंजना म्हणते. मी म्हणते, बरंच झालं. मुलासमोर आईने मारामारी करू नये.

हिशोब सोपा आहे. तो मांडा बघायला जवळ येईल. हात पोचला की मनगट, मग वाक्य, मग वसाहतीचा सवाल. दहा मिनिटांचं काम. रंजनाला सांगितलं, डाळ नावालाच भिजव, पहिल्या दुसऱ्या मांड्यालाच काम होतं. तिने पाच किलो भिजवली.

७ जानेवारी, सकाळी सहा

गाडी आली. खापर मांडीवर घेऊन बसणार, डिकीत देणार नाही. मी एकदम शांत आहे. अक्षर वाकडं येतंय ते रंजना उभ्याने लिहितेय म्हणून. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

७ जानेवारी, संध्याकाळी

सगळं क्रमाने सांगते, म्हणजे पुढे कोणी वाकडं बोलायला नको.

समितीचा टेम्पो कडोदऱ्याच्या चौकात अडकला. चलथाणच्या साखर कारखान्याला जाणारी उसाची ट्रॉली आडवी झाली होती. ते सव्वातीनला पोचले. जनरल अडीचला गेला. हे मला मागाहून कळलं. आत मी एकटी होते आणि मला कोणाची गरजही नव्हती.

तो आला. मला वाटलं होतं, मिशी असेल. मिशी नाही, टक्कल. अंगात हाताने विणलेला स्वेटर, कोणीतरी घरच्याने विणलेला. बाजूला दुभाषा, मागे छगनशेठ, आणि चार बंदूकवाले. येऊन चुलीपाशी उभा राहिला. माझ्यापासून एक हात. मोजून एक हात.

आणि माझ्या दोन्ही हातांवर मांडा.

मांडा हातावर असताना बाई काहीही करू शकत नाही. खाली टाकला तर अन्न मातीत. मी झुलवला, खापरावर टाकला, हात मोकळे झाले. वळते तोवर रंजनाने दुसरा गोळा हातात दिला. मुद्दाम. (रंजना म्हणते, खापर तापलं होतं, मांडा जळाला असता. हे खरं आहे, पण तिने ते इथे लिहायची गरज नव्हती.) असे चार मांडे झाले. चारही वेळा तो तिथेच, तोंड उघडं ठेवून बघत.

मग त्याने स्वतःचेच हात पुढे केले. दुभाषा म्हणाला, साहेबांना करून बघायचं आहे. मी मांडा त्याच्या हातांवर सरकवला, आणि माझी बोटं त्याच्या मनगटाला लागली. लागली! वाक्य ओठावर आलं. तेवढ्यात मांडा फाटला, पुरण त्याच्या कोपरापर्यंत गेलं, आणि सगळे हसले. शेठ ओरडला, माजी (इथे म्हातारीला असंच म्हणतात), मजा आवी गई! वाक्य त्या हसण्यात गेलं.

लगेच त्याला पाटावर बसवलं. पुढे ताट, मांडा, दूध, तूप. त्याने पहिला घास घेतला.

इथे मी थांबले. भीती नव्हती. जेवणाऱ्या माणसाला हात धरून ताटावरून उठवायचं नाही, वैऱ्यालासुद्धा नाही. माझ्या सासूने मला शिकवलं, तिच्या सासूने तिला. कलम त्रेचाळीस आत्ता आत्ताचं आहे. म्हटलं, खाऊ दे, हात धुवायला उठेल तेव्हा धरते.

तो उठेना. एक संपला. मी म्हटलं, आणखी एक घ्या. हे मी का म्हटलं? तोंडाला सवय आहे. ताट रिकामं दिसलं की आग्रह आपोआप बाहेर पडतो, त्याला मी काय करू? दुसरा, तिसरा. तूप मीच सोडत होते. मध्ये एकदा दुभाष्याला म्हटलं, यांना विचार, तिथे कामगारांची वसाहत होती की नव्हती? त्याने काय विचारलं देव जाणे. जनरलचं तोंड भरलेलं होतं, त्याने बोटांनी खूण केली: थोडा लहान द्या.

सहा खाल्ले.

सातवा माझ्या हातावर असताना तो उठला, बेसिनवर हात धुतले, आणि तिथूनच हार घालून त्याला गाडीत बसवलं. मी मांडा हातावर घेऊन दारापर्यंत गेले. गाडीची धूळ मांड्यावर बसली.

८ जानेवारी

विजयाताई आल्या. मी आधीच सांगितलं, अटक झालेली आहे. अंगाला हात लागला. कलमाप्रमाणे झाली. मध्ये पीठ होतं, पण पोलीस पकडतात तेव्हा मध्ये सदरा असतोच. सोडून दिलं ते छगनशेठने.

विजयाताईंनी विचारलं, वाक्य? म्हटलं, मनात म्हटलं. अहिराणीत. त्यांनी पिशवीतून पेन काढलं, म्हणाल्या, आपण पत्रकात ज्येष्ठ महिलेचा धाडसी प्रयत्न असं लिहू. प्रयत्न कसला? मी ते मान्य केलेलं नाही. भगवानला ट्रॅक्टरवाल्याशी भांडला म्हणून चौकीत दोन तास बसवलं होतं. म्हणजे समितीची एक अटक झालीच, प्रतीकात्मक.

गुजराती पेपरात फोटो आला. जनरलच्या हातांवर मांडा आणि बाजूला मी. खाली लिहिलंय, परदेशी पाहुण्यावर मराठी माजीचं प्रेम. विजयाताई म्हणाल्या, यात तुम्ही हसताय. मी हसत नव्हते. धुराने दात उघडे पडले होते.

त्या म्हणाल्या, समितीला याचा त्रास होईल. म्हटलं, होऊ दे. सात जण गेटवर वेळेत पोचले नाहीत, मी त्याच्यापासून एक हातावर होते. त्याला पुन्हा बोलवा. उपाशी बोलवा.

९ जानेवारी

हेमराज सकाळी बारडोलीहून आला. रंजनाने भाकरी आणि ठेचा वाढला. पेपर तिथेच पडला होता. त्याने फोटो उचलला, बराच वेळ जनरलकडे बघितलं. फोटोत मी कुठे आहे हे शोधलं नाही.

मग त्याच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाला, माय, त्याले इचारं का?

नळावरच्या बायका दाराकडे वळल्या.

मी खूण केली, त्याचं तोंड भरलेलं होतं. गाल फुगवून, बोटाने तोंड दाखवून. हेमराजने ती खूण वेगळी घेतली. त्याला वाटलं, जनरल तोंडाने हो म्हणाला. चेहरा असा फुलला, की लग्नातही इतका नव्हता. रंजनाकडे बघून ओरडला, हो म्हणाला! वसाहत व्हती म्हणाला!

मला मान हलवायला वेळ लागला. रंजनाने आधी हलवली.

तो खाली बसला. भाकरीचा तुकडा मोडला, तसाच हातात ठेवला. मग विचारलं, कितला खाऊन गया? मी सहा बोटं दाखवली.

म्हणाला, आपल्यासाठी एखादा आणला का?

मी बोटं मिटली.