सगळ्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत

अप्पा, मी घोड्यावर बसायला लागले आहे. हसू नका. बँकेतून निवृत्त झाल्यावर बायका वीणा शिकतात, काशीला जाऊन येतात. तुमच्या मुलीनं तंजावूरबाहेरच्या घोडेस्वारीच्या क्लबात नाव घातलं. लेक चेन्नईहून फोनवर ओरडली, "अय्यो अम्मा, तुला वेड लागलंय का?" आता तिला काय सांगू! आपल्याकडे लग्नकार्यात चार माणसं जमली की कुणीतरी म्हणायचंच, आपले पूर्वज घोड्यांवरून इथं आले. आणि तुम्ही, त्यांचे वंशज, स्टेशनाबाहेर जटक्याच्या गाडीला जुंपलेला घोडा दिसला की माझा हात धरून रस्त्याच्या पलीकडे जायचात. "लाथ मारेल ग, लांबून चल." क्लबात पहिल्याच दिवशी मला तेच शिकवलं.

शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून लहान आहे. अम्मा अम्मा म्हणते आणि शाळेतल्या पोरीसारखी दटावते. पुढच्या घोड्यापासून एका घोड्याचं अंतर ठेवायचं, शेपटीला लाल फीत बांधलेली दिसली तर तो लाथाडा, त्याच्या मागं जायचंच नाही. पळवायच्या आधी सगळ्यांना विचारायचं, आणि एकाला जरी नको असेल तर कुणीच पळवायचं नाही. सुरुवातीचे काही रविवार छोट्या फेऱ्या, मग तीच ठरवते, कुणी कावेरीकाठच्या लांबच्या फेरीला यायचं आणि कुणी कुंपणाच्या आत गोल गोल फिरत राहायचं. मला त्या लांबच्या फेरीच्या रांगेत जायचं होतं, अप्पा, अगदी मनापासून जायचं होतं. तुमचे जावई गेल्यापासून मी एकटीच जेवते, ओट्याशी उभी राहून, पाच मिनिटांत. हे लेकीला सांगितलेलं नाही.

परवाच्या रविवारी माझी परीक्षा होती म्हणा ना. कालव्याच्या बांधावरून आम्ही एकामागून एक चाललो होतो, दोन्ही बाजूंना भाताची शेतं, समोरून मोपेडवाला आला तर तोही बिचारा इंजिन बंद करून थांबला. पुढं उताराशी घोड्यांना पाणी पाजायला थांबलो. सगळ्यांचे घोडे पिऊन माना वर करून उभे, आणि माझी करडी घोडी आपली पितेच आहे. निवांत! मागची कॉलेजातली पोरं घड्याळ बघतायत असं मला वाटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी आली आणि सगळ्यांना अडकवून बसली, असंच म्हणत असणार. मी लगाम ओढला. घोडीनं मान झटकली, मी पुढं आपटणार होते, थोडक्यात वाचले. तेवढ्यात शिकवणारी मुलगी कडाडली, "सोडा तो लगाम! ती पितेय ना अजून?"

मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं, मी येते मागून." ती म्हणाली, "अम्मा, आम्ही निघालो तर ती तहानलेली असली तरी पाणी टाकून आमच्या मागं धावेल. तुम्हाला आवरायची नाही. शेवटच्याचं पिऊन होईपर्यंत कुणी हलत नाही." आणि तिनं आपल्या घोड्याचा लगाम सैल सोडला. त्याचं केव्हाच पिऊन झालं होतं, तरी त्यानं पुन्हा तोंड खाली घातलं आणि पाण्यात नुसतं नाक बुडवून उभा राहिला. ते बघून मी घोडीवरच बसल्या बसल्या रडायला लागले. ती घाबरली, विचारते, "लागलं का कुठं?"

तिला कसं सांगायचं की मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. केळीची पानं मांडली आहेत, सगळ्यांचं आटपलंय, आणि पंगतीच्या टोकाला मी ताकभात चिवडत बसले आहे. शेवटच्याचं होईपर्यंत पंगत उठायची नाही, हा आपल्या घरचा नियम. आई वैतागते, "अय्यो, ही पोरगी आता दिवेलागणीपर्यंत जेवणार का?" काका हात वाळवत बसलेत. आणि तुम्ही म्हणता, "तिला कशाला बोलतेस? माझंच व्हायचंय अजून." तुमच्या पानाच्या कोपऱ्यात भाताचा एक घास ठेवलेला असतो. तो तुम्ही बोटानं इकडून तिकडं सरकवत राहता, माझा शेवटचा घास होईपर्यंत.

परत आल्यावर मी हेल्मेट काढून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, मला काही जमायचं नाही हे. तिनं ते परत माझ्या हातात ठेवलं. "पुढच्या रविवारी लांबची फेरी आहे. तुम्ही मधे, मी तुमच्या मागं." घरी येऊन मी पान मांडलं, खाली बसले, आणि सावकाश जेवले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, लेकीला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुमच्या पानावरचा तो घास मला तेव्हाच दिसायचा, अप्पा. कालव्याला पाणी सुटलं की पाटबंधाऱ्याच्या कामापायी तुम्ही दिवसचे दिवस दिसायचा नाहीत. माझं पोट कधीच भरलेलं असायचं. पण मी उठले की तुम्ही सायकल काढणार, हे मला माहीत होतं.