दोन्हीकडच्या सावल्या

बाबा, सकाळपासून तीनदा चहा ठेवला आणि तीनदा उकळून आटला. धरमपेठेत माझ्या चित्रांचं प्रदर्शन आहे. आठ चित्रं, आठही जंगलं, आणि प्रत्येक झाडाची सावली दोन्हीकडे पडलेली. ही कल्पना कुठून आली, असं गॅलरीतल्या मुलीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, सुचली. तेच ती माझ्याबद्दलच्या माहितीत लिहिणार आहे. पाचला मजकूर छापायला जातो. मला एका जागी बसवत नाही.

अंगणात नाटकाचा पडदा अंथरून तुम्ही त्यावर अनवाणी चालत रंगवायचात. त्या दिवशी नाटक कंपनीसाठी जंगल काढताय. त्यातलं एकही झाड कुठे उगवलेलं नाही, सगळी तुमच्या डोक्यातली. निळ्या खोडांची, सुपाएवढ्या पानांची. मी चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. कंपनीचे मालक खाटेवर बसलेत आणि त्यांच्यासमोर मी विचारते, सूर्य दोन आहेत का? रंग चिकटावा म्हणून त्यात सरस घोटता घोटता तुम्ही वर बघता.

"स्टेजवर लाइट दोन्हीकून रायते वं. मंग सावली एकीकडंच काहून पाडू?"

मी म्हणते, हे चूक आहे, आम्हाला असं शिकवत नाहीत. मालक हसतात. "मास्तर, पोरगी तुमच्याही वर गेली. करा आता दुरुस्त."

तुम्ही केलंत. दिवसभर उकिडवं बसून एका बाजूच्या सगळ्या सावल्या मातकट रंगाने बुजवल्यात. पहिल्या प्रयोगाला मी तुमच्या शेजारीच होते. दोन्हीकडचे दिवे लागले आणि जंगल मेलं. बुजवलेल्या जागा तेवढ्या डागांसारख्या दिसत राहिल्या. पुढे तुम्ही राजवाडे काढलेत, रस्ते काढलेत, जंगल कधीच नाही. मागणी नसेल, असं मी धरून चालले. तसं धरून चालणं सोपं होतं.

आत्ता साडेचारला त्या मुलीला फोन केला. म्हटलं, बदल कर. ही झाडं माझ्या वडिलांची, नाटकाच्या पडद्यावरची. दोन्हीकडच्या सावल्याही त्यांच्याच. तिला फार आवडलं. पडद्याचा फोटो असेल तर चित्रांशेजारी लावू, म्हणाली. फोटो नाही, म्हटलं. मग त्या पडद्याचं काय झालं, असं तिने सहज विचारलं.

जुना होऊन खराब झाला, असं सांगून मी फोन ठेवला.