सात खुणा माझ्या, एक तिची

४ मार्च, मंगळवार

सात! दवाखान्यातल्या नर्सबाईंनी माझ्या कागदावर सात खुणा केल्या. म्हातारपणी स्मरणशक्ती जायचा धोका कुणाला किती, ते तपासायचा कागद. शाळा चौथीपर्यंत – एक खूण. उजवा कान कारखान्यातल्या बॉयलरच्या आवाजाने खाल्ला – दुसरी. ब्लडप्रेशर, साखर, तंबाखू. कामावर शिडीवरून डोक्यावर पडलो होतो, तेही मीच बोलून गेलो. गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं! शेवटी विचारलं, "आजोबा, मित्रमंडळी?" म्हटलं, होती. सातवी.

वय धरलं नाही का म्हटलं, तर हसल्या. "वय धरलं तर या रांगेतलं कुणीच सुटायचं नाही! तसाही कोरा कागद मला अजून एकाचाही मिळालेला नाही. खूण म्हणजे आजार नव्हे, आजोबा."

हिच्या कागदावर एकच – डोळ्यांचा नंबर. जन्मभर शाळेत शिकवलं, अजून रोज तासभर चालते. बाहेर आल्यावर म्हणाली, "मी पास. तुम्ही सपशेल नापास!"

५ मार्च, बुधवार

थोरल्याचा फोन. हिने कागदाचं सांगून टाकलं. तो म्हणाला, "बाबांचं तसं काही दिसलं तर लगेच कळव आई, त्यांची सोय करू." सोय म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरच्या सुताराची अशीच सोय झाली. तो तिकडे वृद्धाश्रमात, बायको इकडे.

८ मार्च, शनिवार

गॅस चालू राहिला. चहा मीच केला होता. पण बंद केल्याचं मला पक्कं आठवतं – बटण अजून बोटांना जाणवतं! ही म्हणाली, "आठवतंय असं वाटतं माणसाला." असेल. ती शिकलेली आहे.

भिंतीवर तक्ता लावला. बॉयलरवर असाच होता. दर तासाला दाबाचा काटा बघायचा, वेळ लिहायची, सही करायची. घरचे रकाने तीन – गॅस, नळ, कडी.

११ मार्च, मंगळवार

गॅस बंद, ९.१०, खाली माझी सही. पावणेदहाला स्वयंपाकघरात वास!

कामावर एकजण काटा न बघताच सह्या ठोकायचा. काय काय बोललो होतो आम्ही त्याला. आता मीच तो.

हिने खिडक्या उघडल्या. माझा हात घट्ट धरला. "थोरल्याला नाही सांगत मी. आपलं आपल्यात." किती घोर लावला मी तिच्या जिवाला!

१२ मार्च, बुधवार

हिचा चष्मा साखरेच्या डब्यात. "तुम्हीच ठेवलात." ठेवला असेन.

१४ मार्च, शुक्रवार

गॅसच्या बटणाला सुतळी बांधली, दोन गाठी मारून. आंघोळ करून येतो तो सुटलेली! खण उघडला – आत सुतळीची गुंडाळी. घट्ट, एकसारखी, टोक आत खोचलेलं. अशी गुंडाळी मी जन्मात केलेली नाही. माझे हात माझ्या पाठीमागे काय काय शिकताहेत?

गुंडाळी होती तशी ठेवून खण लावला.

१६ मार्च, रविवार

स्वतःवर पहारा ठेवायचा म्हणून गॅससमोर खुर्ची टाकून बसलो. ही दारात येऊन उभी राहिली.

"काय चाललंय?"

"मी काय करतो ते बघतोय."

हसली नाही. एरवी केवढी हसली असती. "इतकी भीती वाटते?"

"तुझ्यापासून लांब ठेवतील, त्याची वाटते."

मग तीही खुर्ची घेऊन शेजारी बसली. दोघं गॅसकडे बघत. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाली, "आपण कुणाची वाट बघतोय?"

म्हटलं, माझीच.

१८ मार्च, मंगळवार

ठरलं. उद्या दवाखान्यात जाऊन सगळं कबूल करायचं – गॅस, चष्मा, सुतळी. थोरल्यालाही मीच कळवीन. माझ्या हातून हिचं काही बरंवाईट झालं तर? त्यापेक्षा मी तिकडे गेलेला बरा.

१९ मार्च, बुधवार

जिन्यात बसून लिहितोय; नर्सबाईंना दाखवायला ही वही बरोबर घेतली होती. दवाखान्याचा कागद घरी राहिला म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत आलो, बेल वाजवली. हिने दार उघडलं – अर्धंच. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कोण हवंय आपल्याला?"

थट्टा वाटली. म्हटलं, अगं, मी! तिने दार लावून घेतलं. कडी घातली.

डावा कान दाराला टेकवला. घरात दुसरं कुणी नाही. तरी ती आतल्या खोलीकडे तोंड करून विचारत होती, "अहो, दारात कुणी म्हातारा आलाय. घाबरलाय बिचारा. पाणी देऊ का त्याला?"