जामिनावरचे दिवस धरत नाहीत

१२ जानेवारी

धाकट्याला खूळ लागलंय! म्हणतो, "ताई, माझ्यासाठी दिलेला जामीन काढून घे. मला आत जाऊ दे."

कोर्टाच्या बातम्या देता देता माझे केस पांढरे झाले. तुरुंगात जायला उतावीळ झालेला आरोपी काही पाहिला नव्हता – तो आमच्याच घरात निघायचा होता.

खूळ भरवलं वकिलाने. चहा पिता पिता सहज बोलून गेला, "निकालाआधी आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. जामिनावरचे धरत नाहीत." धाकट्याने वेल्डिंग केलेला गोदामाचा जिना कोसळून हमाल गेला. तेव्हापासून शिक्षा होणारच, हे त्याने मनाशी धरूनच ठेवलंय. "जोड माझा होता ना?" – एवढंच बोलतो.

१३ जानेवारी

कडाकडा भांडले. म्हटलं, जामीनदाराला संस्कृतात 'प्रतिभू' म्हणतात – दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा. पाय काढणारा नव्हे!

"झालं तुझं संस्कृत?"

मग निजलेल्या लेकीकडे बघत म्हणाला, "भिंगरी आत्ता एवढीशी आहे. आज गेलो तर तिला कळायचंही नाही. निकालानंतर गेलो तर दारात बसून वाट बघेल. ते मला नाही सोसायचं, ताई."

मी भिंगरीचं पांघरूण सारखं केलं.

२० जानेवारी

काढून घेतला जामीन. कोर्टातला कारकून म्हणाला, "बाई, भावाशी पटत नाही वाटतं?"

"फार पटतं. म्हणून तर."

४ मे

भेट. मधे जाळी. खटला चालू असेपर्यंत त्याला 'कच्चा कैदी' म्हणतात. विचारलं, "पक्का कधी होणार?"

"पाड लागलाय!"

दोघं खूप हसलो. मग हळूच – "दात आले का गं तिला?"

"आले. मला चावून दाखवले."

भावजयीला मात्र त्याने बजावलंय: लेकीला इथे आणायचं नाही.

२७ सप्टेंबर

भिंगरी चालली! माझ्या चपलेवर पाय देऊन, पण चालली.

९ मार्च (नवी वही)

निर्दोष! जिन्याचं लोखंडच मालकाने हलकं आणलं होतं. जोड शाबूत निघाला. भावजय रडली, मी वार्ताहर, म्हणून नुसतं नाक शिंकरलं.

धाकट्याने वकिलाला विचारलं, "मग साहेब, आतलं ते वर्ष?"

"अहो, शिक्षाच नाही. वजा कशातून करायचं?"

वजाबाकी मांडली आम्ही शहाण्यांनी, आणि वर आकडाच नव्हता.

१० मार्च

भिंगरी माझ्यामागे लपून त्याच्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "काका."

भावजय कळवळली, "अगं, काका काय! बाबा –"

"राहू दे," तिच्यासमोर फरशीवर बसकण मारत धाकटा म्हणाला. "काकापासून सुरू करू."