टिंबाच्या डावीकडचा आकडा

मी, विमला रघुनाथ इंगळीकर, वय वर्षे त्रेसष्ट, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार राजारामपुरी सातवी गल्ली, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. कालच सतराचा पाढा उलटा म्हणून पाहिला, कुठे अडखळले नाही. गुडघे गेले आहेत, पण त्याचा या कागदाशी संबंध नाही. कोणी मला भरीस घातलेले नाही, आणि घातलेच असते तर माझ्यापुढे टिकले नसते.

१९८७ साली मी एक मृत्युपत्र केले होते. ते आजपासून रद्द समजावे. माझे वकील दत्तोपंत हेर्लेकर म्हणाले, "दोनच कलमं बदलतायत, बाई. पुरवणी जोडू, पुरे होईल." मी नको म्हटले. ज्या बदलाने आधीचा कागद खोटा ठरतो, त्याला पुरवणी म्हणू नये. हे मला फार उशिरा समजले.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि मागचे अंगण, श्रीमती बाळाबाई गुंडू खोत यांना द्यावे. आधीच्या मृत्युपत्रात ते माझा भाऊ अप्पा याला होते. अप्पाने हरकत घेऊ नये. १९४९ साली माझे एम.एस्सी.च्या प्रवेशाचे पत्र त्याने तीन आठवडे कोटाच्या खिशात ठेवले होते, ते मी विसरलेले नाही. त्याला शिसवी खुर्ची द्यावी. तिच्यावर बसून तो मला जन्मभर सल्ले देत आला.

कलम २. तांब्याचा बंब, शिवणयंत्र आणि पितळी डबे शेजारच्या कालिंदीला. तिने ते मागितले नाहीत, म्हणून.

कलम ३. हे कलम मोठे आहे. दत्तोपंतांनी ते गाळायला सांगितले होते. गाळू नये.

निवृत्तीनंतर मी आणि माझा जुना विद्यार्थी आकाराम पाटील, राधानगरीकडच्या एका वाडीचा, असे दोघांनी संगणकाचे काम सुरू केले. १९८६ साली बावड्याच्या बाजूच्या एका पाणीपुरवठा संस्थेला आम्ही पाळीपत्रकाचा प्रोग्रॅम करून दिला. नदीकाठच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीचे पाणी आत घेणाऱ्या खोल विहिरीतून, पंपाने पाणी उचलायचे आणि उसाला पाळीने सोडायचे. कोणत्या दिवशी, किती वाजता पंप चालू करायचा, तो कागद यंत्र छापून देई.

प्रोग्रॅम सुधारला की त्याला नवा आकडा द्यावा लागतो. त्याचा नियम मीच केला आणि पुठ्ठ्यावर लिहून संस्थेच्या भिंतीला टांगला: "टिंबाच्या डावीकडचा आकडा बदलला तर जुनी माहितीची फ्लॉपी चालणार नाही, सगळी माहिती पुन्हा भरावी. उजवीकडचा बदलला तर जुनी फ्लॉपी चालेल." गावांच्या नावांतल्या चुका काढल्या तेव्हा १.० चे १.१ झाले. दोन पंप झाले तेव्हा २.०. असे करत २.३ पर्यंत आलो.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आकारामने प्रोग्रॅममधले घड्याळ बदलले. आधी सकाळ-संध्याकाळ वेगळी लिहीत असू, आता चोवीस तास केले. जुन्या फ्लॉपीतले संध्याकाळचे सात नव्या प्रोग्रॅमने वाचले, तर ते सकाळचे सात होत.

"बाई, ह्यो तीन हाय," आकाराम म्हणाला. "टिंबाच्या डावीकडं हात घालायलाच पायजे."

मी आदल्याच महिन्यात संस्थेच्या बैठकीत ऐटीत सांगितले होते की यंदा मोठा बदल नाही, प्रोग्रॅम आता पक्का झाला. तीन म्हटले असते तर पुन्हा बैठक, पुन्हा तीन दिवस माहिती भरणे, आणि सगळ्यांपुढे माझा शब्द खाली पडणे.

"एवढ्याशा बदलाला तीन? दोन पूर्णांक चार लिही," मी म्हटले.

"तुम्ही म्हणशीला तसं. पन मला पटलं न्हाय."

त्याने लिहिले. संस्थेच्या कारकुनाने आकडा पाहिला, पुठ्ठा वाचला आणि जुनीच फ्लॉपी घातली. त्याचा दोष नाही. ११ फेब्रुवारीला सकाळी गुंडू खोत, शेतांना पाणी सोडणारा संस्थेचा पाटकरी, जॅकवेलमध्ये जाळीतला कचरा काढायला उतरला. पंप संध्याकाळी सातला लागतो हे त्याला पाठ होते. वरच्या खोलीतल्या पंपवाल्याच्या हातात आमचा छापील कागद होता. त्याने बरोबर सात वाजता पंप सुरू केला. गुंडू वर आला नाही.

चौकशीत विचारले, "हा आकडा कोणी घातला?" मी म्हणाले, "यंत्रावर आकाराम बसतो." वाक्य खरे होते. आकारामने एकदाच माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी तो वाडीला निघून गेला. शहरात त्याला पुन्हा कोणी यंत्रापुढे बसवले नाही. आता तो म्हशी राखतो.

कलम ४. संस्थेने यंत्र हातगाडीवर घालून माझ्या घरी परत पाठवले. २.४ ची फ्लॉपी मी कात्रीने कापली. जूनमध्ये शिकवणीच्या मुलींचे गुण लिहायला म्हणून एक कोरी फ्लॉपी घालून यंत्र चालू केले. पडद्यावर आले: पाळीपत्रक, व्हर्जन ३.०. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द: "खाली कोणी आहे का?" असा प्रश्न आमच्या प्रोग्रॅममध्ये कधीच नव्हता. मी "नाही"चे बटण दाबले. प्रश्न पुन्हा आला. सहा वेळा दाबले, सहा वेळा आला.

शाहूपुरीतून दुरुस्तीवाला बोलावला. त्याने फ्लॉपी तपासली. "बाई, ह्यात काय बी न्हाय. कोरी हाय की." मग त्याच्यासमोरच पडदा उजळला आणि तोच प्रश्न आला. त्याने चहा घेतला नाही, पिशवी उचलली आणि गेला.

दिवाळीनंतर व्हर्जन ३.१ झाले. प्रश्न तोच, फक्त उत्तरासाठी आता जास्त वेळ थांबत असे. यंदा मार्चमध्ये ३.२ झाले आणि प्रश्न आला, "खाली कोण आहे?" मी "गुंडू" असे लिहिले. प्रिंटर आपोआप चालू झाला. आठवड्याचे पाळीपत्रक निघाले, त्यात सकाळी सातचे सगळे रकाने कोरे. कागदाची खालची कड ओली होती. नदीच्या शेवाळाचा वास येत होता. मी तो कागद वाळवून दत्तोपंतांकडे दिला आहे.

मला भीती याची वाटली की आकडे बिनचूक होते. लहान बदलाला उजवीकडचाच आकडा वाढत होता. मी मोडलेला नियम तिथे कोणीतरी पाळत होते.

मे महिन्यात एस.टी.ने आकारामच्या वाडीला गेले. तो गोठ्यात होता. मी सगळे सांगितले आणि विचारले, "हे तू केलंस का?"

"न्हाय, बाई. त्या दिसापास्नं मी यंत्राला हात लावल्याला न्हाय." थोडा वेळ तो धार काढत राहिला. मग म्हणाला, "पन आकडा बरोबर हाय."

त्याची माफी मागितली. त्याने चरवी बाजूला ठेवली आणि मला बसायला पोते टाकले. एवढेच.

परतताना गुंडूच्या बायकोकडे, बाळाबाईंकडे गेले. २.४ मीच लिहायला लावले हे त्यांच्या दारात उभी राहून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"आकडा लिवायला किती येळ लागतो, बाई?"

"एक क्षण."

"मग लिवायचा हुता की," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

कलम ५. कलम तीन आणि चार संस्थेच्या वार्षिक सभेत मोठ्याने वाचून दाखवावे आणि आकाराम पाटील निर्दोष आहे असे इतिवृत्तात लिहावे. माझी गणिताची सर्व पुस्तके आणि लिहायचे मेज त्याला द्यावे. यंत्र तो घेणार नाही, मी विचारले आहे. ते विकू नये, कोणत्याही शाळेला देऊ नये, विहिरीत किंवा नदीत टाकू नये. भर उन्हात, उघड्या जागेवर सुटे करावे.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दत्तोपंत हेर्लेकर यांनी करावी. माझे दहन करावे. अस्थी पंचगंगेत सोडू नयेत, तेवढा माझा हक्क नाही.

हे इथपर्यंत लिहून झाले आणि आज सकाळी पुढच्या खोलीत यंत्र सुरू झाले. त्याची तार भिंतीतून काढून ठेवलेली होती. पडद्यावर व्हर्जन ४.० होते. डावीकडचा आकडा बदलला होता, म्हणजे जुने काही आता चालणार नव्हते. प्रश्न होता, "वर कोण आहे?"

मी खुर्ची ओढून बसले आणि माझे पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट. पडदा काळा झाला. त्यानंतर यंत्राने काही विचारलेले नाही. याचा अर्थ मला क्षमा मिळाली असा मी काढत नाही. वाचणाऱ्यांनीही काढू नये.

येणेप्रमाणे लिहिले ते वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमोर सही केली.

विमला रघुनाथ इंगळीकर
(सही)

साक्षीदार, ज्यांच्यादेखत सही झाली व ज्यांनी एकमेकांदेखत सह्या केल्या:

१. डॉ. त्र्यंबक वामन सांगवडेकर, राजारामपुरी. बाईंना तपासले, शुद्धीवर व शांत आहेत. (सही)
२. आण्णा सखाराम माळी, सायकल दुकानदार, सातवी गल्ली. (सही)

कोल्हापूर, दिनांक ३ ऑगस्ट १९८९