क्षेत्र लावलेलं होतं

मी, कुमारी सत्यशीला सुखदेव रामटेके, वय ६६, भौतिकशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार कर्वेनगर, पुणे, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र करून ठेवते. हृदय थकलं आहे, डोकं नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहता फ्लॅट, बँकेतील शिल्लक आणि आईच्या पाटल्या भाची रुपालीस देते. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच.

२. बंधू रामदास यांना काही देत नाही. प्रत्येक लग्नकार्यात त्यांनी माझी ओळख "ही लोखंडाचं काहीतरी करते" अशी करून दिली. लोखंडाचं मी कधीच काही केलं नाही.

३. माझी पुस्तकं आमच्या विभागाला देऊ नयेत. कारण कलम चारमध्ये येईल.

४. हॉलमधला लाकडी फळा माझा खेड्यातून आलेला विद्यार्थी सोनबा यास देते. याच फळ्यावर त्याच्यासोबत मी सहा वर्षं काम केलं. अशुद्ध धातूच्या बारीक कणात इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचे आकडे एकमेकांना चिकटून बसत नाहीत, अंतर राखतात. चुंबकीय क्षेत्र लावलं की शेजारचे आकडे आणखी दूर सरतात, कारण मग इलेक्ट्रॉनची जायची वाट आणि परतीची वाट सारखी राहत नाही. सोनबा असे कण संगणकावर बनवत असे. त्याचे आकडे मात्र क्षेत्र नसल्यासारखेच वागत राहिले.

शहाण्णव साली त्याने ते सर्वांसमोर मांडले. विभागप्रमुख म्हणाले, "क्षेत्र लावायला विसरलात वाटतं? की लाईट गेले होते? तुमच्याकडे जातात म्हणे." सगळे हसले. सोनबा एवढंच म्हणाला, "लावलं होतं जी." आम्ही दोघांनी मिळून प्रोग्राम पुन्हा तपासला. क्षेत्र लावलेलं होतं, पण आकडे असे का, हे मलाही सांगता येईना. हळूहळू तो स्वतःवरच शंका घेऊ लागला. दोन हजार साल उजाडताना संगणक अडू नयेत म्हणून चाललेल्या कामासाठी कंपन्या तेव्हा दिसेल त्याला उचलत होत्या. प्रबंध टाकून तो गेला, मग अमेरिकेला. जाताना म्हणाला, "मॅडम, तिथं चुकलं तर हसत नाहीत, दुरुस्त करून मागतात."

निवृत्तीनंतर मी घरच्या संगणकावर तेच गणित पुन्हा केलं. सोनबाला विभागातल्या संगणकावर वेळ फार थोडा मिळे, म्हणून तो अर्धाच कण बनवून उरलेला अर्धा आरशासारखा उलटा जोडत असे. मी पूर्ण कण बनवला आणि आकडे लगेच दूर सरले. क्षेत्रात ज्या वाटेला परतीचा जोडीदार उरत नाही, तिला तो आरशातल्या अर्ध्यात मिळत होता. आकडे खरे होते. कण आरशाचा होता, आणि तसा तो करावा लागला, कारण त्याला कोणी पुरेसा वेळ दिला नाही. त्या दिवशी मी त्या फळ्यासमोर बसून खूप रडले.

५. एका फळ्यासाठी अमेरिकेत माणूस शोधायचा का, असं रुपाली विचारेल. फळा त्यासाठीच दिला आहे. माझी पत्रं परत आली, फोन लागत नाही. पण वारसाची नोटीस माणसाला हुडकून काढते, असं वकीलबाई सांगतात. फळा कुरियरने पाठवू नये. रुपालीने आधी कलम चार त्याला स्वतः वाचून दाखवावं आणि ऐकल्याची सही घ्यावी. फळा नको म्हणाला तर हरकत नाही. तो मला पोटच्या मुलासारखा होता. हे तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून तेही वाचावं.

सोनबा, तू काहीही विसरला नव्हतास.

वरील मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: सत्यशीला सुखदेव रामटेके

साक्षीदार:
१. दीपमाला अरुण पटवर्धन, शेजारी
२. पोपट धोंडिबा शिर्के, सोसायटीचे सचिव

स्थळ: पुणे
दिनांक: ९ फेब्रुवारी २००५