मामाजींसाठी तळातले मासे

गुरुवार, दिवेलागण

डोकं नुसतं गरगरून राहिलं आहे. गोंदियाच्या माशांच्या दुकानातून आज रिकाम्या हातानेच कामठ्याला परत आले. तळाशी राहणारे, टाकीतच पिल्लं होतील असे मासे हवेत, एवढंच ठरलं होतं. पण कोणते?

लकवा झाल्यापासून माझे सासरे, मामाजी, दिवसभर काचेच्या टाकीसमोर खुर्चीत असतात. मान वर होत नाही, म्हणून त्यांना तळच दिसतो. टाकीतले एंजल, गप्पी हे मासे सगळे वर पोहतात. त्यांच्यापुढे नुसती वाळू. पिल्लं झाली तर वाट पाहायला काहीतरी होईल, असं मला वाटलं.

दुकानदार म्हणाला, "कोरी ले जाओ, छह का झुंड. पर अंडे काँच पर देगी, एंजल खा जाएगा." कोरी म्हणजे तळाशी कळपाने फिरणारे छोटे मासे. मग त्याने प्लेको दाखवला, तोही तळाचाच मासा. त्यातला नर बिळात बसून अंडी राखतो. अंडी वाचवायची तर शहाणपण प्लेकोतच ना? की नाही?

घरी येऊन मामाजींना दोन्ही समजावले.

"तो बिळातला मले दिसंल का?"

"दिवसा कमीच, मामाजी."

"एकटाच बसून राह्यते?"

"हो."

"मंग तो कायले आनतं? मी आहो नं एकटा."

प्लेको आणला तर त्यांच्यापुढे पुन्हा नुसती वाळूच. कोरी आणल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत अंडी गेली तर? शेवटी विचारलंच.

"खाऊ दे. पुन्हा देतीन. तू आन."

बरोबर की चूक, अजून कळत नाही. पण लकव्यानंतर आज पहिल्यांदा त्यांनी मला काही आणायला सांगितलं.